हाक मारायला घंटा

शुभदाने गुंडाळीचा फळा काजूच्या फांदीला बांधला, पण खाडीवरून येणारा वारा त्याला काही केल्या स्वस्थ बसू देईना. शेवटी तिने खालच्या पट्टीला चिऱ्याचा एक तुकडा सुतळीने लटकवला, तेव्हा कुठे फळा जागेवर आला. पदर खोचून तिने खडूने दोन ओळी लिहिल्या. 'अ चेअर टू सिट ऑन.' 'वॉटर टू ड्रिंक.'

"मराठीत आपण काय म्हणतो?" तिने विचारलं. "बसायला खुर्ची. प्यायला पाणी. आधी काम, मग वस्तू. इंग्रजांचं उलटं. आधी वस्तू, आणि मग ती कशासाठी आहे ते. चेअर. कशाला? टू सिट ऑन. वॉटर. कशाला?"

"टू ड्रिंक," आठवीच्या बावीस पोरांनी एका सुरात सांगितलं, आणि मागच्या झोपडीतल्या डालग्यातून एक कोंबडा आरवला. पोरं हसली. शुभदा हसली नाही. कालपासून तिला हसू येईल असं काहीच घडलं नव्हतं.

गाव सोडून आल्याला दुसरा दिवस होता. दर चार वर्षांनी देवाने कौल दिला की हा गाव तीन दिवस तीन रात्री ओस पडायचा. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी शिवेबाहेर. गावात जितं म्हणून काही उरता कामा नये. ते तीन दिवस गाव देवाचा. चौथ्या दिवशी परत कौल लावायचा आणि देव हो म्हणाला की घरी यायचं. गावपळण म्हणतात हिला. शुभदा सावंतवाडीची. इथल्या शाळेत तिला तिसरं वर्ष लागलं होतं आणि ही तिची पहिलीच गावपळण. तिला खरं म्हणजे तीन दिवस माहेरी जायचं होतं, पण शाळेचे दिवस भरायला हवेत म्हणून हेडमास्तरांनी झाडाखाली वर्ग भरवायचं ठरवलं आणि तिचं जाणं बारगळलं.

आणि हे देवाचं काम म्हणावं, तर इथे जत्रा भरली होती. माडाच्या झावळांच्या झोपड्या, त्यांच्या दारात पत्त्यांचे डाव, सकाळी दहा वाजल्यापासून माडीचा वास. चुलीवर सुके बांगडे भाजायचे आणि त्यांचा धूर थेट वर्गात यायचा. ओढ्याच्या, इथल्या भाषेत व्हाळाच्या, एका अंगाला बायका भांडी घासत होत्या आणि चार हातांवर पोरं परसाकडेला बसत होती. गाव स्वच्छ करायला म्हणून देवाच्या हवाली करायचा आणि घाण आपल्याबरोबर घेऊन यायची, असा हा प्रकार तिला दिसत होता. सकाळचा चहाही तिच्या घशाखाली उतरला नव्हता.

"आता प्रत्येकाने एक वाक्य," ती म्हणाली. "आपल्या घरातल्या वस्तूवर. पुस्तकातलं चालणार नाही."

'अ नेट टू कॅच फिश' झालं. 'अ बास्केट टू कीप हेन' झालं. त्यावर कोंबडा पुन्हा आरवला आणि पोरं पुन्हा खिदळली. मग दुर्गा उठली. बाप सदानंद ओरोसला कचेरीत कारकून, त्यामुळे पोरीच्या रिबिनी इस्त्री केलेल्या.

"माय फादर हॅज अ स्कूटर टू गो टू ऑफिस."

ती बसते न बसते तोच तिच्या पाठीला पाठ लावून बसलेली लीला ताडकन उभी राहिली. लीला दुर्गाची चुलत बहीण, सदानंदच्या थोरल्या भावाची, दत्तारामची मुलगी. दिवाळीनंतर घराची वाटणी झाली तेव्हापासून दोन भावांचा अबोला होता, आणि पोरींनीही तो आपापल्या परीने पाळला होता.

"माय ग्रँडमदर हॅज अ बेल टू कॉल अस."

"शाब्बास! कसली गं बेल?"

"घंटा, बाई. गायीची. आजीक उठाक येना मां, म्हणान बाबान तिच्या खाटीक बांधल्यान. ती दोनदा वाजयता, मगे थांबता, परत दोनदा वाजयता."

शुभदाला ती घंटा चांगली ठाऊक होती. दत्तारामच्या घराची कडेची खोली तिने भाड्याने घेतली होती आणि नर्मदाआजीची खाट भिंतीच्या पलीकडेच होती. दोनदा ठण् ठण्, मग थोडा वेळ शांतता, परत दोनदा. पहिल्या वर्षी तिला झोप लागायची नाही. मग सवय झाली.

"मग इथे घेऊन आलीस की नाही घंटा?" शुभदाने सहज विचारलं. "आजीला इथेही लागेल ना?"

"माका काय म्हायत? आजी काकाकडे आसा."

दुर्गा मागे वळली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच ती लीलाशी बोलली असावी.

"आमच्याकडे? आजी तुमच्याकडे आसा. तुमी बैलगाडीतसून नेलात मां तिका?"

"आमी खंय नेलव?"

शुभदाच्या हातातला खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला. वर्गात कुणी हसलं नाही. वाऱ्याने चिऱ्याचा तुकडा काजूच्या खोडावर आपटत होता, तेवढाच आवाज. मग तिने खडू खाली ठेवला, पोरांना वहीत दहा वाक्यं लिहायला सांगितली आणि झोपड्यांकडे निघाली.

दत्ताराम झोपडीच्या दारात काथ्या वळत बसला होता. शेजारी त्याच्या बायकोने, शेवंतीने, खुडूक कोंबडी डालग्यासकट आणून ठेवली होती. खाली अकरा अंडी, वर गोणपाट, आणि वारा लागू नये म्हणून बाजूने पेंढा. कोंबडीची बडदास्त पाहून शुभदाचं डोकं आणखीच फिरलं.

"दत्तारामभाऊ, तुमची आई कुठं आहे?"

"सदाकडे."

"सदानंदांकडे नाही."

दत्तारामचे हात थांबले. शेवंती आतून बाहेर आली. सात-आठ झोपड्यांपलीकडे सदानंद घडीच्या खुर्चीवर बसून ट्रान्झिस्टरवर क्रिकेट ऐकत होता. शुभदाने त्याला तिथूनच हाक मारली. तो आला, पण दत्तारामच्या अंगणाच्या कडेला थांबला. भावाच्या जागेत पाय टाकायचा नाही हा पण झोपडीलाही लागू होता.

"आई ह्यांच्याकडे आहे ना?" सदानंद शुभदाला म्हणाला. कचेरीत राहून त्याची भाषा शुद्ध झाली होती, एवढी एकच गोष्ट. "बैलगाडी ह्यांची. मी परवा रात्री ओरोसहून आलो, काल सकाळी बघतो तर मधल्या, आईच्या खोलीचं दार ओढलेलं. मला वाटलं, नेली."

"बाई, तेंका सांगा," दत्ताराम शुभदाकडे बघून बोलला, "माझी पाळी अवसेक सपली. वाटणीत ठरलां तसां. एक म्हयनो माझो, एक म्हयनो तेंचो. अवस झाली, माझो म्हयनो भरलो."

"बाई, त्यांना सांगा," सदानंद म्हणाला, "माझी पाळी एक तारखेपासून. महिना म्हणजे महिना. कचेरीत अमावस्येला पगार होत नाही."

दोघंही तिच्याकडेच बघत होते. मध्ये ती एकटी उभी. भिंतीवरची दोन कॅलेंडरं आपापसात बोलावीत आणि त्यांचा निरोप तिने पोचवावा, अशी त्यांची अपेक्षा होती. अमावस्या होऊन चार दिवस झाले होते. एक तारखेला सहा दिवस होते. दोन घरचा पाहुणा उपाशी ही म्हण तिने पाचवीच्या पोरांना वाक्यात उपयोग करायला दिली होती. तिचा असा उपयोग होईल असं तिला वाटलं नव्हतं.

"आणि अमावस्येपासून परवापर्यंत? तेव्हा कुणी घातलं जेवायला?"

"मीया," शेवंती हळूच म्हणाली. "पेज घालय होतंय. धर्माची."

सासूला धर्माची पेज.  

"बरं, ते राहू दे. आता निघा. दोघंही निघा. तासाभरात घेऊन याल."

कुणी हललं नाही. एव्हाना माणसं जमली होती. पत्ते हातातच धरून काही जण उठून आले होते. त्यांतून वाट काढत दाजी पुढे आले. दाजी देवस्थानचे मानकरी. सबंध गावाच्या वतीने देवासमोर गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. सत्तरीचा माणूस, अंगात पांढरी पैरण, आवाज असा की देवाला ऐकू गेलाच पाहिजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पानाची पिचकारी बाजूला टाकली आणि म्हणाले,

"गावात कोण नाय."

"दाजी, नर्मदाआजी आहे."

"गावात कोण नाय, बाई. काल सकाळी देवाम्होरं मी गाऱ्हाणां घातलंय. माणूस नाय, ढोर नाय, कोंबो नाय. सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हटल्यानी. देवाक सांगलंय तां खोटां कसां होयत?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे म्हातारी खंय तरी शिवेभायरच आसा. इतकी झोपडी आसत, कोणाच्या तरी झोपडीत आसतली. परवा कौल झालो काय सापडतली."

ते रागावून बोलत नव्हते. पोराला समजवावं तसं समजावत होते, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. शुभदाने आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. एकाही चेहऱ्याला ते बोलणं चमत्कारिक वाटलेलं दिसत नव्हतं. उलट काहींच्या तोंडावर सुटल्याची कळा आली होती. सुंठेवाचून खोकला गेला होता.

"परवापर्यंत दोन रात्री आहेत," ती म्हणाली. "तिला पाणी कोण देणार?"

"बाई," दत्तारामचा आवाज एकदम खाली आला, "आता कोण गेलो आणि उद्या गावात कायव वायट झालां, ढोर मेलां, पोर मेलां, तर नाव माझ्या घराचां येतलां. माका हयसर जल्म काढूचो आसा."

तो खाली बसला आणि त्याने काथ्या परत हातात घेतला. हात परत वळू लागले. सदानंदने ट्रान्झिस्टरचा आवाज कमी केला. बंद केला नाही.

शुभदाला त्या सगळ्यांची शिसारी आली. दत्तारामच्या काथ्याची आली, सदानंदच्या तारखेची आली, दाजींच्या रंगलेल्या ओठांची आली. असल्या माणसांच्या पोरांना आपण तीन वर्षं इंग्रजी शिकवतो आहोत, कशासाठी, असं तिच्या मनात आलं, आणि ती शिवेकडे वळली. हेडमास्तर मागून धावत आले. "बाई, आपण परकी माणसं. नोकरीचा विचार करा," असं काहीतरी ते म्हणाले. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शीव म्हणजे हाच आटत आलेला व्हाळ आणि त्याच्या काठावरचा शेंदूर फासलेला धोंडा. ती पलीकडे पाय टाकणार तेवढ्यात मागून धापा टाकत शेवंती आली. पदराखाली पेजेचा डबा आणि धुतलेलं लुगडं.

"मीठ घातलेला आसा," तिने डबा पुढे केला. धोंड्याच्या अलीकडे ती अशी उभी होती की पायाची बोटंही रेषेला लागू नयेत. "बाई, माझां नाव घेव नकात हां."

शुभदाने डबा घेतला, लुगडं काखेत मारलं. आणि ती व्हाळ ओलांडून गेली.

ओस गावातून चालताना तिच्या चपलांचा आवाज तिलाच मोठा वाटत होता. एरवी या वाटेने जाताना दहा ठिकाणी "बाई, खंय चल्लात?" म्हणून विचारणा व्हायची आणि चार कुत्री भुंकायची. आज कावळेसुद्धा खालच्या आवाजात ओरडत होते. कुणाच्या तरी अंगणात दोरीवर वाळत टाकलेला टॉवेल तसाच होता. विहिरीच्या रहाटावर पोहरा नव्हता. गुरांचा वास राहिला होता, गुरं नव्हती. तिला भीती वाटेल असं तिला वाटलं होतं, पण वाटत होता तो राग, आणि रागाच्या खाली एक प्रकारची ताठ समाधानाची भावना. या अख्ख्या गावात माणूस म्हणावं असं आपण एकटीच, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं तिला आवडलं. उद्या बदलीचा अर्ज करायचा. कारण विचारलं तर स्पष्ट सांगायचं.

घराजवळ आल्यावर तिचे पाय मंदावले. घंटा ऐकू येत नव्हती. ती पायरीवर थांबली. ठण् ठण् असं काहीतरी ऐकू येईल म्हणून मिनिटभर तशीच उभी राहिली. मग तिने ओढलेलं दार ढकललं.

आधी वास आला. तिने पदर नाकाला लावला आणि तिला ओकारी आली. ती बाहेर पडवीत आली, खांबाला धरून उभी राहिली, आणि परत आत गेली. मधली खोली वाटणीत कुणाच्याच वाट्याला आलेली नव्हती. एका बाजूला दत्तारामने बांधलेली नवी भिंत, दुसऱ्या बाजूला सदानंदचं नवं दार, आणि मध्ये खाट. तांब्या उलटा पडून लांब गेला होता. खाटेच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढत होती. गोधडीखाली काही हललं.

"कोण?"

आवाज एवढा बारीक होता की शुभदाला तो कुठून आला ते क्षणभर कळलं नाही.

"मी, आजी. शुभदा."

"कौल झालो?"

"नाही. अजून नाही."

"मगे तू कशी इलंस? दाजी कोकालतलो."

"कोकलू दे."

 शुभदाने आपल्या खोलीचं कुलूप काढून बादली, साबण, पोहरा आणला. तीन वेळा विहिरीवर गेली. म्हातारीच्या हाताखाली हात घालून तिला कुशीवर वळवलं, तेव्हा तिची हाडं हाताला लागली, आणि गोधडीला जे चिकटलं होतं ते सुटताना जो आवाज झाला तो ती पुढे कधी विसरली नाही. श्वास रोखून ती पुसत राहिली. दोनदा बाहेर जाऊन ओकून आली. पाठीला चट्टे पडले होते. तिथे पाणी लागलं की म्हातारी ओठ दाबून घ्यायची, पण हाय म्हणायची नाही. जुनी गोधडी तिने काठीने उचलून परसात नेऊन टाकली. मुंग्या झाडल्या. शेवंतीने दिलेलं लुगडं नेसवलं. आपल्या खोलीतली चादर आणून अंथरली. रागाने तिचे हात भराभर चालत होते. प्रत्येक पिळ्याबरोबर ती दत्तारामला पिळत होती, सदानंदला पिळत होती.

उशी उचलली तेव्हा तिला घंटा दिसली. सुतळी तुटलेली, आणि घंटा म्हातारीच्या डाव्या मुठीत. सोडवायला गेली तर बोटं घट्ट.

"ऱ्हवांदे," म्हातारी म्हणाली.

पहिले चार घोट पाणी तिने लहान पोरासारखे आवाज करत घेतले. मग पेज. शुभदा चमचा पुढे करायची आणि म्हातारी तोंड उघडून वाट बघायची. अर्धा डबा संपल्यावर तिने मान हलवली.

"रात्री घाबरलात?" शुभदाने विचारलं.

"घाबरलंय तर! तीन दिस गाव देवाचो. राती देव फिरता म्हणतत. आधी म्हटलंय, आता कसां होतलां! मगे म्हटलंय, फिरांदे. माका बघल्यान तर घोटभर पाणी तरी देयत." आणि ती हसली. दात नव्हते, हिरड्या नुसत्या दिसल्या. "खंय इलो? तोव शिवेभायर गेलो आसतलो."

शुभदाला हसता येईना. 

"तुमच्या मुलांना लाज नाही, आजी. एकालाही नाही. तोंडावर सांगून आले असते मी, पण सांगून उपयोग काय? कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. कोंबडी डालग्यासकट नेली त्यांनी, अंड्यांसकट! आणि आईची पाळी मोजतात. अमावस्या आणि एक तारीख! ऐकून किळस आली मला. असली माणसं मी जन्मात पाहिली नाहीत."

ती बोलतच राहिली असती. म्हातारी तिच्याकडे बघत होती. मुलांबद्दल काहीच ऐकलं नाही अशा शांत नजरेने. मग तिने मुठीतली घंटा जराशी उचलली.

"बाय, तुझी खोली भिंतीपलीकडेच मां?"

"हो."

"काल सकाळी मी वाजवत होतंय. खूप वाजवलंय. सुतळी तुटासर वाजवलंय." ती दम घ्यायला थांबली. "तुका आयकाक इली?"

शुभदाच्या हातात चमचा होता. तो तिने डब्यात ठेवला, मग परत उचलला.

काल सकाळी ती कुलूप लावत होती. सामान उचलायला आलेली पोरं अंगणात घाई करत होती. समोरच्या वाटेने सबंध गावाची गुरं चालली होती आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा एकच कल्लोळ उठला होता. आणि पाठीमागून, भिंतीच्या आतून, ठण् ठण्. थांबली. ठण् ठण्. किल्ली कुलपात तशीच धरून ती थांबली होती. किती वेळ थांबली होती तेही तिला आठवत होतं. दत्ताराम पहाटेच गाडी घेऊन गेला हे तिने पाहिलं होतं. सदानंद निघायचा आहे, तो बघेल, असं तिला वाटलं होतं. मग असं वाटलं होतं की आत गेलं तर खाटेवरचं सगळं काढावं लागेल, आणि अंगावर धुतलेलं पातळ आहे. मग पोरांनी परत हाक मारली. गुरांच्याच घंटा त्या, असं म्हणून तिने किल्ली फिरवली होती.

गुरांची घंटा दोनदा वाजून थांबत नाही. तीन वर्षं भिंतीला कान असलेल्या माणसाला हे काल सकाळीही ठाऊक होतं.

म्हातारी वाट बघत होती. पेजेच्या चमच्याची बघत होती तशीच, तोंड थोडं उघडं ठेवून.

"नाय गो आजी," शुभदा म्हणाली. या गावात आल्यापासून ती मालवणी बोलली नव्हती. पोरांची भाषा बिघडते म्हणून तिने स्वतःला तशी शिस्त लावून घेतली होती. "रस्त्यान गुरां जाय होती मां. माका आयकाक येवक नाय."

म्हातारीने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग तिची मूठ हळूहळू सैल झाली आणि घंटा चादरीवर घरंगळली.

"मगे बरां," ती म्हणाली. "मगे काय नाय. माका वाटलां, आयकान सुदा गेली सगळी."

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचा श्वास एका लयीत चालू लागला.

शुभदा परसात गेली आणि साबणाने हात धुतले. वास घेऊन बघितला आणि पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा धुताना साबण निसटून चिखलात पडला तो तिने उचलला नाही. ऊन उतरलं होतं. व्हाळापलीकडून, शिवेच्या बाहेरून, पोरांचा एकत्र आवाज वाऱ्यावर आला. हेडमास्तरांनी बहुधा पाढे म्हणायला घेतले असावेत. अजून अर्ध्या तासाचा उजेड होता आणि शीव फार लांब नव्हती. निघाली असती तर कुणाला काही विचारायचं कारण उरलं नसतं. गावात कुणी नव्हतंच.

ती आत आली. तुटलेल्या सुतळीला गाठ मारून तिने घंटा परत खाटेला बांधली, म्हातारीच्या हाताला लागेल एवढी खाली. मग खाटेशेजारी जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसली.

झोपेत म्हातारीचा हात हलला. घंटा एकदाच वाजली.

"ओ," शुभदा म्हणाली, आणि उठून उभी राहिली.